टीव्ही झाकायला ज्यांचं चित्र आज फुकटात मिळतं, त्या राजा रविवर्मांना स्वस्त चित्रांच्या नादात स्वतःचा छापखाना विकावा लागला होता

कोपरखैरणे, नेरुळ, खारघर. नवी मुंबईत कुठेही वन बीएचकेच्या हॉलमध्ये शिरा, पहिली नजर जाते ती टीव्हीवर. दहा फुटांची भिंत आणि तिच्या मधोमध तीन फुटांचा काळा चौकोन. चालू असेल तेव्हा ठीक, पण बंद असला की भिंतीला भगदाड पडल्यासारखा दिसतो.

यावर बाजारात उपाय आहे. सॅमसंगने २०१७ मध्ये द फ्रेम नावाचा टीव्ही आणला. बंद केला की त्याच्या पडद्यावर पेंटिंग दिसतं आणि बाजूने चित्राला असते तशी चौकट असते. भारी प्रकार आहे, पण किंमतही तशीच. आणि घरातला चांगला चालणारा टीव्ही काढून दुसरा आणायचा म्हणजे ईएमआय भरणाऱ्या माणसाला परवडणारं काम नाही. म्हणून रील्सवर सध्या जुगाड फिरतोय. टीव्ही आहे तोच ठेवा आणि त्याच्यापुढे सरकणारी किंवा उघडणारी चित्राची चौकट बसवा.

मग प्रश्न येतो, चित्र कुणाचं लावायचं? खरेखुरे पेंटिंग परवडत नाही, कुणाचंही चित्र उचलून छापलं तर कॉपीराइटची भानगड. या दोन्ही अडचणींवर एकच नाव उत्तर म्हणून पुढे येतं. गंमत म्हणजे कमी पैशात सामान्य माणसाच्या भिंतीवर मोठं चित्र कसं लावायचं, हा प्रश्न या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वीच डोक्यात घेतला होता. त्याचं उत्तर त्याने शोधलं तेही नवी मुंबईच्या खाडीपलीकडे, घाटकोपरमध्ये.

राजा रविवर्मा.

जन्म २९ एप्रिल १८४८, त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूरचा. घराणं राजघराण्याशी नातं असलेलं. आई उमांबा कविता करायची, वडील नीळकंठन संस्कृतचे जाणकार. लहानपणाची गोष्ट अशी सांगितली जाते की पोरगा कोळसा घेऊन वाड्याच्या भिंती रंगवायचा. आपल्याकडे असं केलं तर काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पण रविवर्मांचे मामा राजराजवर्मा स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी भिंती बघितल्या आणि पोराला शिकवायलाच घेतलं.

१८६२ साली मामा त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात घेऊन गेले. तेव्हा वय १४. महाराजांनी ठेवून घेतलं. दरबारात चित्रकार होते, युरोपियन चित्रांची पुस्तकं होती, जलरंग होते. नव्हतं ते फक्त तैलरंग शिकवणारं कुणी.

म्हणजे होतं, पण शिकवत नव्हतं. रामस्वामी नायकर हे दरबारी चित्रकार तैलरंगात काम करायचे. त्यांना या मुलात स्पर्धक दिसला आणि त्यांनी हात आखडता घेतला. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार राजघराण्याची पोर्ट्रेट करायला आला. महाराजांनी त्याला गळ घातली, पण त्यानेही शिकवायला नकार दिला. काम चालू असताना बघायची परवानगी तेवढी मिळाली. रविवर्मा बघत राहिले. कॅनव्हासवर आधी काय पडतं, मग काय, सावली कुठून सुरू होते, हे त्यांनी नजरेने टिपलं आणि नंतर स्वतःच्या खोलीत चुकत चुकत करून पाहिलं. आज यूट्यूबवर व्हिडिओ बघून लोक शिकतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त व्हिडिओ मागे घेऊन परत बघायची सोय नव्हती.

त्याचं फळ १८७३ मध्ये मिळालं. केसात मोगऱ्याचा गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही चित्र गौरवलं गेलं. पंचविशीतल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. पुढे शकुंतला पानावर पत्र लिहितेय ते चित्र आलं, आणि ते थेट मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतलं.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही यशस्वी दरबारी चित्रकाराची असते. राजे पोर्ट्रेट काढून घेतात, गोरे अधिकारी चित्रं विकत घेतात, चित्र एकदा महालात गेलं की सामान्य माणसाला ते दिसायची शक्यता संपली. १८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ वारले, नव्या महाराजांशी सूर जुळले नाहीत आणि रविवर्मा त्रावणकोरबाहेर पडले. धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा सोबत. हा भाऊ स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होता, पण मोठ्या भावाच्या चित्रांची पार्श्वभूमी रंगवणं, पत्रव्यवहार सांभाळणं, प्रवास ठरवणं हे सगळं त्याने केलं. तो डायरीही लिहायचा. दोघा भावांची मुंबईतली शेवटची वर्षं आपल्याला जवळून कळतात, ती बरीचशी त्या डायरीमुळे.

त्यांची महाराष्ट्राकडे वाट आली ती बडोद्यामार्गे. तिथे सयाजीराव गायकवाड गादीवर होते आणि दिवाण होते टी. माधवराव, जे आधी त्रावणकोरचे दिवाण होते. ओळख जुनी. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची १४ चित्रं सांगितली. ती काढण्याआधी दोघे भाऊ उत्तर भारत फिरून आले. कारण साधं होतं, पण अवघड. सीतेला, द्रौपदीला, दमयंतीला नेसवायचं काय? केरळात वेगळं नेसतात, बंगालमध्ये वेगळं, पंजाबात वेगळं. संपूर्ण देशाला आपली वाटेल अशी नायिका पाहिजे होती. शेवटी त्यांच्या कित्येक पौराणिक नायिकांच्या अंगावर आली ती आपल्याकडच्या धाटणीची साडी. निऱ्या, काठ, पदर सगळं ओळखीचं. रविवर्मांच्या चित्रातली बाई मराठी घरात कधी परकी वाटली नाही, त्याचं एक कारण हे आहे.

चित्रं तयार झाली आणि राजवाड्यात जाण्याआधी ती लोकांना बघायला ठेवली गेली. बडोद्यात आणि मुंबईत लोक लोटले. नळ-दमयंती, विश्वामित्र-मेनका, कीर्तनात आणि नाटकात ऐकलेली पात्रं हाडामांसाची होऊन समोर उभी होती. चित्रांचे फोटो विकले गेले आणि तेही हातोहात खपले.

पण फोटो काळापांढरा आणि छोटा. ते चित्र नव्हे.

माधवरावांनी १८८४ मध्येच रविवर्मांना पत्रातून एक गोष्ट सुचवली होती. चित्रांना मागणी प्रचंड आहे, तुमचे हात दोनच आहेत, तेव्हा काही निवडक चित्रं युरोपला पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या, असा त्या पत्राचा आशय होता. तेव्हा ते मनावर घेतलं गेलं नाही. बडोद्याच्या चित्रांसाठी उसळलेली गर्दी पाहिल्यावर मात्र विषय डोक्यात पक्का बसला. आणि रविवर्मांनी माधवरावांच्याही पुढची उडी मारली. चित्रं युरोपला पाठवायची नाहीत, युरोपचं यंत्रच इकडे आणायचं.

१८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा प्रेस सुरू झाला. भागीदार होते गोवर्धनदास खटाव मखनजी. यंत्रं जर्मनीहून आली, ती चालवणारे तंत्रज्ञही जर्मन. पत्ता घाटकोपरचा. वाशीच्या पुलावरून आज गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, तेव्हा अर्थात ना पूल ना वाशी. त्याच वर्षी १२ जुलैला पहिलं चित्र छापून निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. मेनका बाळाला पुढे करतेय आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवतायत, तेच ते.

आता हे छापायचे कसे, ते बघण्यासारखं आहे. आज कॅनव्हास प्रिंट काढायला दुकानात पेनड्राइव्ह दिला की काम झालं. तेव्हा दगड लागायचे, खरोखरचे दगड. जर्मनीतल्या बव्हेरियातून चुनखडीच्या गुळगुळीत लाद्या यायच्या. चित्रातला एकेक रंग सुटा करून एकेका दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचा, तोही उलटा, आरशात दिसतो तसा. मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या भागावर थांबतं, तेलकट भागावर थांबत नाही. त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त काढलेल्या भागाला चिकटते. कागद दाबला की एक रंग उतरला. मग दुसरा दगड, दुसरा रंग, कागद तंतोतंत त्याच जागी. एका चित्राला अनेकदा डझनभर किंवा त्याहून जास्त दगड लागायचे. केसभर कागद हलला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे.

सगळे रंग बसले की वरून व्हार्निश आणि कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा खडबडीत ठसा. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं तैलचित्रच आहे. याला ओलिओग्राफ म्हणतात. थोडक्यात, स्वस्तातली वस्तू महागड्या वस्तूसारखी दिसावी यासाठी केलेली ती जबरदस्त युक्ती होती. टीव्हीपुढे कॅनव्हास प्रिंट लावणारा माणूस वेगळं काय करतो?

लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम दरबार, मोहिनी, दमयंती आणि हंस. चित्रं निघत गेली आणि घराघरात शिरली. राजाच्या महालात असलेलं चित्र कारकुनाच्या खोलीत आलं, चाळीत आलं, गिरणी कामगाराच्या खाटेवर आलं. ज्यांना देवळाच्या पायरीवर पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्याही घरात देव आला, कुणाची परवानगी न घेता. लोकांनी चित्रं नुसती टांगली नाहीत, त्यांना आपलंसं केलं. बायका त्या छापील देवींच्या साडीवर जर लावायच्या, टिकल्या चिकटवायच्या, खरं कापड शिवायच्या. अशी सजवलेली ओलिओग्राफ आजही संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे बघायला मिळतात. डीआयवाय हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीचा हा उद्योग.

चित्रांसाठी बसणाऱ्या बायकांचंही थोडं सांगायला हवं. पेंढरपेशा घरातली बाई चित्रकारासमोर बसणं त्या काळात शक्यच नव्हतं. मुंबईत रविवर्मांसाठी बसल्या त्या बऱ्याचदा कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया. पुढे भेंडीबाजार घराण्याच्या मोठ्या गायिका झालेल्या अंजनीबाई मालपेकर त्यांतल्या एक. ज्यांना समाज उंबऱ्याबाहेर ठेवत होता, त्यांचे चेहरे देवी-नायिका होऊन त्याच समाजाच्या भिंतीवर गेले. रविवर्मांचं नाव मोठं झालं, यातल्या बहुतेकींची नावंही उरली नाहीत.

एवढं सगळं चाललं होतं म्हणजे प्रेस तुफान नफ्यात असेल, असं वाटेल. तसं नव्हतं.

यंत्रं महाग, जर्मन माणसांचे पगार महाग, दगड आणि शाई जहाजाने येणार. आणि विकायची वस्तू मात्र स्वस्त, कारण ती स्वस्त असावी हाच तर मूळ हेतू. धंदा सुरू होऊन दोन वर्षं होतायत तोच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरायला लागली, लाखो लोक शहर सोडून पळाले, कामगार मिळेनात, बाजार बसला. ज्यांच्या घराला कुलूप लागलंय ते चित्र कशाला विकत घेतील? भागीदारही बाजूला झाला. कर्ज रविवर्मांच्या डोक्यावर आलं.

१८९९ मध्ये प्रेस घाट चढून लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी जिथे आहेत तेच मळवली. कळंबोलीहून एक्स्प्रेस वे धरला की आज नवी मुंबईकर तासाभरात तिथे पोचतो, पावसाळ्यात तर हमखास. तेव्हा मोकळी हवा, प्लेगपासून अंतर आणि मुंबई-पुणे रेल्वेमार्ग हे तिन्ही तिथे मिळत होतं. पण नुकसान काही भरून निघालं नाही. भाऊ राजराजवर्मा हिशोबाशी झगडत राहिला. मोठा भाऊ दुसरीकडे संस्थानिकांची पोर्ट्रेट करून पैसे आणत होता आणि ते पैसे प्रेसमध्ये मुरत होते. राजांकडून घ्यायचं आणि सामान्यांच्या चित्रात घालायचं, असा उलटा व्यवहार बराच काळ चालला.

१९०१ मध्ये रविवर्मांनी हात टेकले. प्रेस त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. नुसतं यंत्र नाही, कित्येक चित्रं छापायचे हक्कही गेले. श्लायशर पक्के धंदेवाईक निघाले. त्यांनी कॅलेंडरं, मालाची लेबलं, जाहिराती अशी कामं घेतली आणि त्याच प्रेसवर चांगला जम बसवला. रविवर्मांची लक्ष्मी अक्षरशः देशभर गेली ती त्यानंतर. तिच्या प्रत्येक प्रतीवर रविवर्मांचं नाव होतं, पैसा मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यात जात होता.

याचा दोष फक्त प्लेगला देऊन भागत नाही. चित्रकाराने कारखाना चालवायला घेतला, त्यातलं तंत्र स्वतःला येत नव्हतं, भांडवल उधारीचं होतं आणि वस्तूची किंमत वाढवायची तयारी नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअपचं प्रॉडक्ट सुपरहिट आणि बॅलन्सशीट लाल.

मळवलीच्या या प्रेसमध्ये पुढे एक मराठी तरुण काम करून गेला. छपाईतलं बारीकसारीक शिकला, मग स्वतःचा छापखाना काढला, तोही सोडला आणि हलत्या चित्रांच्या मागे लागला. धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये त्यांचा राजा हरिश्चंद्र मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. रविवर्मांनी भिंतीवर आणलेली पौराणिक पात्रं आता पडद्यावर चालायला लागली. दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमांतले देव कसे उभे राहतात, मुकुट कसे घालतात, हे पाहिलं की रविवर्मांची शाळा ओळखू येते.

रविवर्मांना ते बघायला मिळालं नाही. १९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पण १९०५ च्या सुरुवातीलाच भाऊ राजराजवर्मा गेला. डायरी थांबली. अर्धं आयुष्य ज्याच्यासोबत एकाच कॅनव्हासवर काम केलं, तो नाही म्हटल्यावर रविवर्माही खचले. मधुमेहाने शरीर पोखरलं होतंच. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूरमध्ये, ज्या वाड्याच्या भिंती कोळशाने रंगवल्या होत्या तिथेच, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मेल्यावर टीका सुरू झाली. आनंद कुमारस्वामी आणि त्या काळच्या कला-पंडितांनी त्यांना मोडीत काढलं. देवांना नाटकातल्या नटांसारखं उभं केलंय, रीत युरोपची उसनी आणि भाव उथळ, असा एकूण सूर. कॅलेंडर आर्ट हा शब्द पुढे शिवीसारखा वापरला गेला. टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. पण ज्या चित्रांवर टीका होत होती ती पंडितांच्या घरात नव्हती, लोकांच्या घरात होती. आणि लोकांनी ती उतरवली नाहीत.

ती उतरली नंतर, आणि उतरवली टीव्हीने. इथे तारखांचा एक योग जुळून येतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे रविवर्मांच्या पुण्यतिथीला. आणि १९७२ मध्येच मळवलीच्या प्रेसला आग लागली, त्यात दगड आणि चित्रं मोठ्या प्रमाणात जळाली. हॉलच्या भिंतीवरची मोक्याची जागा हळूहळू टीव्हीने घेतली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामानंद सागर यांचं रामायण लागायला लागलं, तेव्हा लोक टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. पडद्यावरचे राम-सीता बरेचसे त्याच जुन्या चित्रांतून उतरल्यासारखे दिसत होते. चित्राची जागाही टीव्हीची झाली आणि चित्राचा मानही.

आता गाडी उलटी फिरलीय. टीव्ही लपवायचाय आणि चित्र परत हवंय.

मूळ रविवर्मा विकत घ्यायचा विचार सोडून द्या. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात त्यांचं यशोदा-कृष्णाचं चित्र ३८ कोटींना गेलं. त्यांची मूळ चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलाठेवा आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पण भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ती मुदत कधीच संपली. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी त्यांच्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स मोफत मिळतात आणि त्या घरासाठी छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

अडचण एकच आहे. टीव्ही आडवा, रविवर्मांची बहुतेक चित्रं उभी. एक चित्र ताणून टीव्हीवर बसवलं तर सरस्वती रुंद होते, आणि कापलं तर वीणा जाते. पण जरा मापं घेऊन बघा. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५४ सेंटीमीटर उंच. रविवर्मा प्रेसची मोठी प्रिंट असायची साधारण ५० बाय ७० सेंटीमीटरची. अशा दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या की होतात १०० बाय ७०. टीव्ही बरोबर झाकला जातो, वरखाली थोडी जागा उरते. म्हणजे एक मोठं चित्र शोधायचं नाही, दोन उभी चित्रं दोन दारांसारखी लावायची. एकीकडे लक्ष्मी, दुसरीकडे सरस्वती.

फक्त ती बिजागरीवर लावू नका. दार पूर्ण उघडलं की त्याची पुढची बाजू भिंतीकडे जाते, म्हणजे बातम्या लागल्या की लक्ष्मीचं तोंड भिंतीला. घरात आजी असतील तर पहिल्याच दिवशी दारं काढायला लागतील. दमयंती किंवा शकुंतला लावणार असाल तर बिजागरी चालेल. देवी असतील तर कपाटाला लावतात तसा सरकता चॅनेल बरा. दोन्ही चित्रं बाजूला सरकतात आणि टीव्ही चालू असतानाही दिसत राहतात. त्यासाठी भिंत लागते साधारण दोन मीटर, आणि दहा फुटी भिंत तीन मीटरची असते. बसतं.

कॅनव्हास प्रिंट पाइनच्या हलक्या पट्ट्यांवर ताणून घ्यायची, मागे जाड प्लायवूड ठोकायचं नाही, नाहीतर वजनाने चॅनेल वाकतो. चॅनेल ज्या चौकटीवर बसेल ती मात्र पाण्याला टिकणाऱ्या प्लायची करा, खाडीकाठच्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो. टीव्ही आणि चित्र यांच्यात चार-पाच सेंटीमीटर अंतर, वरची आणि खालची बाजू उघडी, म्हणजे टीव्हीची गरम हवा निघून जाते. चित्र पुढे असताना टीव्ही चालू ठेवायचा नाही. सेटटॉप बॉक्स आत कोंडू नका, खालच्या खणात उघडा ठेवा, कारण रिमोटचे इन्फ्रारेड किरण लाकडाच्या आरपार जात नाहीत. भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला भोकं पाडू देत नसेल, तर हीच चौकट टीव्ही युनिटवर उभी करता येते.

प्रिंट काढताना दुकानदार विचारेल, ग्लॉसी की मॅट? समोर खिडकी असेल तर मॅट घ्या, नाहीतर चित्रात देवीऐवजी खिडकीच दिसेल. आणि विणीचा पोत असलेला कॅनव्हास मागा. कागदावर तोच पोत उठवण्यासाठी घाटकोपरमध्ये जर्मन यंत्र आणावं लागलं होतं.